घट्ट वेणी, बांधलेली ओढणी

भातसानगरच्या धरण-कॉलनीत मी भरतनाट्यमचा क्लास सुरू केला तेव्हा आलेला पहिला प्रश्न नाचाबद्दल नव्हता. "ड्रेस कुठला घालायचा?" असा होता. पुढे शहापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये बॅच सुरू झाली, मग दर शनिवारी एसटीने मुरबाडला जाऊ लागले. तिथेही नवीन आई दारात उभी राहिली की आधी कपड्यांचंच विचारायची. मला तेव्हा राग यायचा. आता क्लास बंद करूनही बरीच वर्षं झाली, आणि वाटतं की त्या बायका बरोबरच विचारत होत्या. माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं कपड्यांवरून झाली. जे एक दुःख मला अजून सोडत नाही, त्याचीही सुरुवात कपड्यांपासूनच झाली.

नियम साधे होते. सुती सलवार-कुडता. ओढणी खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गच्च बांधलेली. केसांना तेल आणि एकच घट्ट वेणी. कपाळाला टिकली. बांगड्या, पैंजण, नेलपॉलिश घरी ठेवून यायचं. चपला बाहेर एका रांगेत. आत आलं की जमिनीला हात लावून नमस्कार, कारण पुढचा तासभर आपण तिच्यावर पाय आपटणार असतो. जाताना "ताई, जाऊ?" असं विचारून जायचं. आया बाहेर थांबतील.

लोकांना हे सोवळं वाटायचं. कॉलनीतल्या एका साहेबांच्या मिसेसनी तर "तुमचा क्लास आहे की मठ?" असं तोंडावर विचारलं. खरं कारण अगदी व्यवहाराचं होतं. सुटी ओढणी पायात येते. गिरकी घेताना मोकळे केस डोळ्यांत जातात. काचेची बांगडी फुटली की मनगट कापतं. आणि आया आत बसल्या की मुली माझ्याकडे बघत नाहीत, आईकडे बघतात. मुख्य म्हणजे, सगळ्या सारख्या दिसल्या की कुणी कुणाच्या कपड्यांकडे बघत नाही. इंजिनियरची मुलगी आणि शिपायाची मुलगी एकाच रांगेत उभ्या राहतात. एवढाच त्यातला धर्म.

तरी गमती व्हायच्या. मुरबाडला एक चिमुरडी तासभर मुठी आवळून नाचली. हाताची कुठलीही मुद्रा शिकवा, हिची मूठच. शेवटी बोटं उघडली तर लालभडक नखं. मावशीच्या लग्नाहून तशीच आली होती, आणि मी घरी पाठवीन म्हणून पोर घाबरली होती. एक वडील म्हणाले, "म्याडम, गॅदरिंगपर्यंत एक नाच बसवून द्या, बाकीचं व्याकरण आमाला नको." आणि एका आईचा हट्ट असा की तिची मुलगी पहिल्या रांगेत हवी, कारण ड्रेस नवा आहे. मी मुलीला पहिल्या रांगेत उभं केलं. ती इतकी बुजली की तिने स्वतःच मागे जाऊ द्या म्हणून विनवलं.

बळीराम आला तो अशाच एका रविवारी. आमचे हे धरणावर नोकरीला होते, आणि बळीराम त्याच ऑफिसात खलाशी. पावसाळ्यात दरवाजांवर ड्युटी, एरवी सांगतील ते काम. उंच, काळासावळा, बोलायला कमी. घर आटगावकडच्या एका गावात. तिथे म्हातारी आई, धाकटी बहीण सुनंदा आणि थोडी भाताची जमीन. बायको आजारपणात गेलेली. मुलीला शाळेसाठी स्वतःबरोबर क्वार्टरमध्ये ठेवलं होतं. तिचं नाव प्रमिला, पण सगळे पमीच म्हणायचे. आठेक वर्षांची असेल.

"बाई, ही रोज तुमच्या हॉलच्या खिडकीला लोंबकळते," तो म्हणाला. "मारली तरी ऐकत नाय. आत घ्याल का?"

मी नियम सांगितले. त्याने एकेक नीट ऐकून घेतला आणि वेणीपाशी अडला.

"घट्ट म्हंजे किती घट्ट?"

मी दुसऱ्या एका मुलीची वेणी दाखवली. त्याने तिच्या मागे उभं राहून, हात न लावता, बारकाईने पेड बघितले. पुढच्या रविवारी पमी आली ती वेणी वाकडीतिकडी होती, पण दोरखंडासारखी पिळलेली. पोरीच्या भुवया वर ताणल्या गेल्या होत्या. मुली हसल्या. पमी मात्र मान ताठ ठेवून उभी राहिली. महिनाभरात त्याचा हात असा बसला की मी इतर आयांना पमीची वेणी दाखवायची. धरणाच्या दरवाजांचे जाड दोर ओढणारे हात ते, त्यांनी पोरीच्या केसांतला भांग असा पाडलेला असायचा की बघत राहावं.

क्लास संपेपर्यंत तो बाहेर पायरीवर बसायचा. दाराकडे पाठ करून. कुणी त्याला सांगितलं होतं की मुलींचा नाच चालू असताना पुरुषमाणसाने आत बघू नये. माझा असा काही नियम नव्हता. एकदा मी म्हटलंही, "बळीराम, बघा की. तुमचीच मुलगी आहे."

"बाकीच्यांच्या पन हायत ना," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

पमीबद्दल काय सांगू? पाठांतर करणाऱ्या मुली पुष्कळ मिळतात. अंगात ताल असलेल्याही मिळतात. पमीला थांबता यायचं. भरतनाट्यमचा पाया म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसणं. त्याला आम्ही अर्धमंडल म्हणतो. मांड्या भरून येतात, मुली हळूहळू वर उठायला लागतात आणि आम्ही ओरडत राहतो, "बस, खाली बस." पमीला कधी सांगावं लागलं नाही. ती बसली की बसलीच, आणि चेहरा असा की जणू ओट्यावर निवांत टेकली आहे. चार-पाच वर्षांत ती माझ्या सगळ्या मुलींच्या पुढे गेली.

मग शहापूरला आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. पमीचा स्वतंत्र नाच होता. त्यासाठी पोशाख शिवायचा होता. रेशमी साडी कापून शिवलेला, पायांच्या मध्ये घड्यांचा पंखा, अर्धमंडलात बसलं की तो उलगडतो. पमी बारा वर्षांची झाली होती, आणि गावाकडून आजीचा निरोप आला की आता पोर मोठी झाली, नाच बंद.

मी पोशाख पिशवीत घालून बळीरामबरोबर त्याच्या गावी गेले. आजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला तिने पाट दिला, पाणी दिलं आणि लगेच मुद्द्यावर आली.

"पोरीची जात. मांड्या फाकवून उबी राते चार लोकांत. ह्यो कुठला नाच गो बाय?"

मी पोशाख उलगडून दाखवला. "बघा आजी, घोट्यापर्यंत झाकलेलं आहे. वर अंगभर ब्लाउज, त्यावर पुन्हा पदर शिवलेला. पुढे हा पंखा. काही म्हणजे काही दिसत नाही."

तिने कापड बोटांत धरून चोळलं. "कापड चांगला हाय."

मला वाटलं जिंकलं. म्हणून जरा जास्तच बोलले. "आणि आजी, भाताच्या आवणीला तुम्ही सगळ्या लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उतरता. तेव्हा कोणी काही म्हणतं का?"

आजीने शेंग सोलायची थांबवली. "त्या काम हाय गो. काम करताना कोन बगत नाय. नाच बगायला तुमी लोकांना बोलवता."

मी पोशाखाची घडी घालायला लागले. बळीरामच मध्ये पडला. "आये, पोर नाचंल. मी हाय ना." आजी म्हणाली, "तुजी पोर हाय. मी कोन सांगनारी?" आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिने हळूच येऊन पोशाखाच्या जरीवरून हात फिरवला आणि आजीने बघायच्या आत मागे घेतला.

कार्यक्रम झाला. त्या दिवशी बळीराम पहिल्यांदा समोर बसला. नाच संपल्यावर पडद्यामागे आला तेव्हा पमी मेकअपमध्ये, कमरपट्टा, बाजूबंद, हातापायांना लाल आलता, गजऱ्याची लांब वेणी, अशी उभी होती. तो तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबला.

"बाई," तो मला म्हणाला, "माजी पोर वाटलीच नाय."

मी ते कौतुक समजले. ते कौतुक होतंच. पण त्यात थोडी भीतीही होती, हे मला नंतर कळलं.

शहापूरच्या एका फोटोवाल्याने त्या दिवशी फोटो काढले होते. पमीचा एक फोटो त्याला इतका आवडला की मोठा करून त्याने दुकानाच्या काचेत लावला. अर्धमंडलात बसलेली, डोळे बाजूला वळवलेले, पंखा पूर्ण उघडलेला. येणारेजाणारे थांबून बघायचे. मीही दोनदा उगाच त्या रस्त्याने गेले. आपण शिकवलेलं असं काचेमागे बघायला कुणाला आवडणार नाही?

त्याच सुमारास सुनंदाला बघायला मंडळी आली. मुरबाड तालुक्यातलं घर, मुलगा कारखान्यात कामाला, जमीन बरी. पसंती जवळजवळ झालीच होती. पमी सुट्टीला गावी होती. चहाचा ट्रे तिच्याच हातात दिला गेला. मुलाच्या काकाने कप उचलला, पमीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हीच ना ती शहापूरच्या फोटोतली? नाचनारी?"

हे मला बळीरामने सांगितलं. तो म्हणाला की त्यानंतर कोणी काहीच वाईट बोललं नाही. चहा प्याले, पोहे खाल्ले, रामराम करून गेले. आठवड्याने निरोप आला की आमच्यात नाचणाऱ्या घरची पोरगी करत नाहीत.

बळीराम त्याच दिवशी शहापूरला जाऊन काचेतून फोटो काढून घेऊन आला. फोटोवाला बिचारा फुकट द्यायला तयार होता, फ्रेमसकट. बळीरामने तो घरी नेला नाही. माझ्याकडे ठेवायला आणून दिला.

"सुनंदा जेवत नाय, बाई," तो म्हणाला. "आये माज्याशी बोलत नाय. पमीला कोन काय बोलत नाय, पन तिला समदं कळतं."

मी म्हटलं, "मी जाते त्या लोकांकडे. मी बोलते." तो नको म्हणाला. पण मला वाटलं, माणसं अज्ञानाने बोलतात, कुणीतरी नीट समजावून सांगितलं तर ऐकतील.

त्या शनिवारी मुरबाडची बॅच लवकर सोडली. सकाळी घरून निघताना कपाटासमोर मी किती वेळ उभी होते! रेशमी नेसले तर नाटकी वाटेल, पंजाबी ड्रेस तर नकोच, सुती नेसले तर त्यांचा मान राखला नाही असं व्हायचं. आयुष्यभर मुलींना काय घालायचं ते सांगत आले, आणि आता मी काय घालू म्हणजे ती माणसं मला चांगल्या घरची समजतील, हेच मला ठरवता येईना. शेवटी फिकट निळी नारायणपेठ नेसले, डोक्यावरून पदर घेतला.

माणसं सभ्य होती. मुलाचे वडील वयस्कर, शांत. मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. मी देवळातल्या नाचाबद्दल सांगितलं, शास्त्राबद्दल सांगितलं, पोशाख कसा अंगभर असतो ते सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमी बोलता त्या खरा असंल. तुमच्या लोकांत चालत असंल. आमच्याकडं नाचनारी म्हनली की एकच अर्थ निघतो. त्यो मी नाय काढला, आमच्या आधीपासनं हाय. मला गावात राहायचं हाय."

"पण सुनंदा कुठे नाचते? नाचते ती बारा वर्षांची पोर."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. त्या पोरीचा नाच बंद झाला तर आमी परत इचार करू. तसा तुमीच सांगा त्यांना. तुमच्या तोंडून गेला तर त्यांना वाईट नाय वाटनार."

म्हणजे मी गेले होते पमीचा नाच वाचवायला, आणि परत आले ती तो बंद करण्याचा निरोप घेऊन. वाटेतल्या किन्हवलीपर्यंत एसटीत मी विचार करत होते की हा निरोप द्यायचाच नाही. काही बोलणं झालं नाही, असं सांगून मोकळं व्हायचं. पण तिकडे सुनंदा होती. जरीवरून हात फिरवून मागे घेणारी. तिने कुणाचं काय केलं होतं?

मी बळीरामला सगळं सांगितलं, शब्द न बदलता. तो पायरीवर बसला होता, नेहमीसारखा दाराकडे पाठ करून. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. नुसता उठला आणि गेला. नाच थांबवायचं त्याने पमीला सांगितलंच नाही, हे मला नंतर कळलं. तिनेच ठरवलं. त्याला म्हणाली, "आत्याचा लगीन होऊ दे."

पुढच्या रविवारी ती क्लासला आली. ओढणी बांधलेली, वेणी घट्ट, टिकली जागच्या जागी. तासभर सगळ्यांबरोबर नाचली, कुठेही कमी पडली नाही. बाकीच्या मुली गेल्यावर तिने घुंगरू सोडले, कपाळाला लावले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. मग वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत मी त्या मुलींना हजार वेळा शिकवलं असेल की विचारल्याशिवाय जायचं नाही.

"ताई, जाऊ?"

मला नको म्हणायचं होतं. तू थांब, आपण चोरून शिकू, मोठी हो मग बघू, असं बरंच काही म्हणायचं होतं. पण समोर आत्याचं लग्न होतं, आणि तिचा चेहरा असा की निवांत ओट्यावर टेकली आहे. मी म्हटलं, "जा बाळ."

ती उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली, मग वळली. बळीराम बाहेर चपला घेऊन उभा होता.

सुनंदाचं लग्न झालं. त्याच घरात. मला आमंत्रण होतं, मी मुद्दाम गेले नाही. तिचं बरं चाललं आहे असं ऐकत होते, आणि ते ऐकून बरंही वाटायचं. कुणी म्हणालं असतं की तिला तिथे त्रास आहे, तर मला कुणाला तरी दोष देता आला असता. तसं काही झालं नाही. ती सुखी होती.

पमी दहावी झाली, मग गावी आजीकडे राहायला गेली. आमच्या यांची बदली झाली, आम्ही शहापुरात घर केलं. दोन हजार सालानंतर दिवस पालटले. टीव्हीवर लहान मुलांच्या नाचाच्या स्पर्धा सुरू झाल्या. शहापूरला आणि मुरबाडला चकाकत्या कपड्यांचे क्लास निघाले. ज्या घरांतून पूर्वी "नाचणारी" म्हणून मुली रोखल्या जायच्या, त्याच घरांतल्या आया मुलींना पाठ उघडी टाकणारे ब्लाउज शिवून स्टेजवर उभ्या करू लागल्या आणि पुढे बसून टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या बॅचमधल्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. मी कुणाला थांबवलं नाही. पण गणपतीत मांडवासमोरून जाताना त्या छोट्या पोरी बघितल्या की पमीचा हिशेब मला लागायचा नाही. पाच-सात वर्षं आधी जन्मली, एवढाच का तिचा गुन्हा?

तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन बळीराम स्वतः आला. केस पिकले होते. "बाई, हळदीला या. पमीनं सांगितलंय."

मी गेले. दुपारची वेळ, अंगणात मांडव, बँजो वाजत होता. नवऱ्याकडच्या बायका हळद घेऊन आल्या होत्या आणि फेर धरून नाचत होत्या. म्हाताऱ्या, पोरी, सगळ्याच. सुनंदाही त्यांत होती, कडेवर मूल घेऊन. पमी पाटावर बसली होती, पिवळी झालेली. मला बघून तिने मान थोडी खाली केली.

नवऱ्याची एक मावशी हसत हसत तिच्यापाशी आली आणि हात धरून ओढू लागली. "ऊठ गो, नवरीनं पन दोन पावलं नाचाची."

पमी उठली नाही. "मला नाय येत."

"नाय येत? हाळदीला सगल्यांना येतो."

"नाय, खरंच. कवा शिकलेच नाय."

तिने हे बोलताना माझ्याकडे बघितलं. सरळ, काही न मागता. सुनंदा नाचायची थांबली होती. बळीराम पाहुण्यांना पाणी देत फिरत होता, तोही जागेवर थबकला. मावशीने पमीच्या नजरेच्या रोखाने बघितलं, तर तिथे मी. शहरी साडीतली, ओळखीची नसलेली एकटीच बाई.

"ह्या कोन? शाळंतल्या बाई का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही कॉलनीत शेजारी होतो."

"मंग बसा की," ती म्हणाली. तिने माझ्या गालांना हळद लावली, कुंकू लावलं आणि पुन्हा नाचणाऱ्या बायकांत शिरली. बळीरामने तांब्या माझ्यापुढे केला. मी पाणी प्याले. त्याने रिकामा तांब्या घेतला आणि पुढच्या माणसाकडे गेला. बँजोवाल्यांनी नवीन गाणं धरलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि धूळ उडायला लागली. पमी पाटावर बसून राहिली, दोन्ही पावलं साडीखाली ओढून घेतलेली.